इमाम घडवायचा कुणी?

जर्मनीतल्या एखाद्या शहरातल्या रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेला एक तुर्की कामगार शेवटच्या घटका मोजतो आहे. डॉक्टर त्याच्या मुलाला विचारतात, यंत्राचा आधार आणखी किती दिवस चालू ठेवायचा? मुलगा तिथेच जन्मलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला. जर्मन त्याला उत्तम येते, पण अशा वेळी शरीअत काय सांगते हे त्याला ठाऊक नाही. तो मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामांना फोन करतो. इमामसाहेब रात्री धावत येतात, यासीन पढतात, दुआ करतात. ते दोन वर्षांपूर्वी अनातोलियातून आले आहेत, त्यांना जर्मन समजत नाही. मग डॉक्टरांचा प्रश्न मुलाने आपल्या मोडक्यातोडक्या तुर्कीत इमामांना समजवायचा आणि इमामांचे उत्तर डॉक्टरांना. बाप समोर निजलेला असताना ‘मेंदू मृत होणे’ याला तुर्कीत काय म्हणतात, हे त्या मुलाने कुठून आठवायचे?

शेजारच्या खाटेवरच्या ख्रिस्ती रुग्णासाठी मात्र रुग्णालयाचा स्वतःचा पाद्री आहे. तो डॉक्टरांशी बोलतो, घरच्यांना धीर देतो.

हा प्रसंग आम्ही कल्पनेने उभा केला आहे. त्यातली अडचण मात्र खरी आहे आणि ती साठ वर्षे जुनी आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार पुरवण्याचा करार केला. खाणींत आणि मोटारींच्या कारखान्यांत हात हवे होते. हे लोक दोन-चार वर्षे राबतील आणि परत जातील, असा दोन्हीकडचा हिशेब होता. त्यांना ‘पाहुणे कामगार’ असेच म्हणत. पाहुण्याला कशाला हवी मशीद आणि कशाला हवा मदरसा? कारखान्याच्या मागच्या खोलीत, तळघरात, जुन्या गुदामात जमात उभी राहायची. ज्याला थोडे कुरआन पठण येते तो पुढे उभा राहायचा. १९७३ साली भरती थांबली, आणि उलटेच घडले. आता गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून लोकांनी बायकामुलांना बोलावून घेतले. मुले आली म्हणजे मक्तब आला, लग्ने आली, जनाजे आले. इमामाची गरज तेव्हा खऱ्या अर्थाने निर्माण झाली. आज जर्मनीत ५३ ते ५६ लाख मुसलमान राहतात, असा तिथल्या सरकारी खात्याचा २०२१चा अंदाज आहे.

पोकळी दिसली की ती कुणीतरी भरतोच. इथे ती तुर्की सरकारने भरली. तुर्कस्तानात १९२४ पासून ‘दियानेत’ नावाचे सरकारी धर्मखाते आहे. मशिदी, इमाम, खुतबे सगळे त्याच्या अखत्यारीत. १९८४ मध्ये कोलोन शहरात या खात्याशी जोडलेली ‘डितिब’ ही संघटना स्थापन झाली. तिच्याकडे आज सुमारे ९०० मशिदी आहेत. या मशिदींचे इमाम तुर्की सरकारचे नोकर. पगार अंकाराहून, नेमणूक अंकाराहून, आणि चार-पाच वर्षे झाली की बदली. यात लबाडी होती असे आम्हाला वाटत नाही. गरीब कामगारांच्या जमातीला बिनखर्चाचा, शिकलेला, कुरआन शुद्ध पढणारा इमाम मिळत होता. चंदा गोळा करून मशिदीचे भाडे भागवताना ज्यांच्या नाकीनऊ येत होते, त्यांच्यासाठी ती मोठीच सोय होती.

सोयीची किंमत पुढच्या पिढीने मोजली. खुतबा तुर्कीत, आणि समोर बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा जर्मनमध्ये विचार करणारा. इमामाला इथल्या शाळेत काय शिकवतात, मुलांना रस्त्यावर काय ऐकून घ्यावे लागते, याचा पत्ता नाही. पत्ता लागेपर्यंत त्याची मुदत संपलेली. आपल्याकडेही अनेक गावांत इमामसाहेब उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले असतात, बयान उर्दूत होते आणि मराठी शाळेतली मुले मागच्या सफेत चुळबुळत असतात. त्यामुळे हे चित्र आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही.

त्यात राजकारणही शिरले. जुलै २०१६ मध्ये तुर्कस्तानात लष्करी उठावाचा प्रयत्न फसला. त्यानंतर जर्मनीतल्या काही इमामांनी आपल्याच जमातीतल्या लोकांची माहिती तुर्की सरकारला कळवली, असा आरोप झाला. चौकशी झाली, ती पुढे खटल्यावाचून बंद पडली. पण जो इमाम मशिदीत पुढे उभा आहे तो नेमका कुणाचा माणूस, हा प्रश्न एकदा मनात आला की मागच्या सफेतला माणूस अस्वस्थ होणारच.

विद्यापीठात इल्म

जर्मन सरकारला जाग आली ती २०१०च्या सुमारास. तिथे धर्म आणि शासन यांचे नाते आपल्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशास्त्राचे विभाग सरकारी विद्यापीठांतच असतात. पाद्री तिथे शिकतात, प्राध्यापकांचा पगार सरकार देते, पण काय शिकवायचे त्यावर चर्चची संमती लागते. शाळांतही धर्माचा तास असतो आणि त्याची हमी राज्यघटनेच्या सातव्या कलमात आहे. मग लाखो मुसलमानांसाठी असे का नाही? जानेवारी २०१० मध्ये देशाच्या विज्ञान परिषदेने शिफारस केली की सरकारी विद्यापीठांत इस्लामी धर्मशास्त्राचे विभाग उघडावेत. शिक्षणमंत्री आनेट शावान यांनी ते मनावर घेतले. ट्युबिंगन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, फ्रँकफर्ट, एर्लांगन-न्यूर्नबर्ग अशा ठिकाणी केंद्रे उभी राहिली. पुढे बर्लिनचे हुम्बोल्ट विद्यापीठ आणि पाडरबोर्न यांची भर पडली.

तफसीर, हदीस, फिकह, कलाम, अरबी भाषा, इस्लामचा इतिहास हे सगळे जर्मन भाषेत, सरकारी पदवीसह. मुलींची संख्या मोठी. ज्या मुलीच्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती, ती मुलगी इमाम गझालींचा ग्रंथ समोर ठेवून निबंध लिहिते आहे. यावर कुणाचे काहीही मत असो, आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते.

पण अडचण पहिल्याच पायरीवर होती. चर्चला पोप आहे, बिशप आहे. प्राध्यापक योग्य की अयोग्य हे सांगणारा एक माणूस आहे. आपल्यात तो कोण? शासन तटस्थ, त्याला अकीदा ठरवण्याचा अधिकार नाही. मुसलमानांच्या संघटना अनेक, आणि मशिदीत न जाणाऱ्या मुसलमानांच्या वतीने बोलायचे कुणी? त्यावर तोड म्हणून अनेक विद्यापीठांत मुस्लिम प्रतिनिधींचे सल्लागार मंडळ नेमले गेले. प्राध्यापकाच्या नेमणुकीला त्याची संमती हवी, असे ठरले.

अशी व्यवस्था नसली तर काय होते याचा धडा म्युन्स्टरने आधीच घेतला होता. तिथे २००४ पासून मुस्लिम झालेले जर्मन प्राध्यापक स्वेन कालिश हे इस्लामच्या शिक्षकांना तयार करत होते. २००८ मध्ये त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या ऐतिहासिक अस्तित्वाबद्दलच शंका व्यक्त केली. मुस्लिम समन्वय परिषदेने विद्यापीठाशी सहकार्य थांबवले. संशोधकाला प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य आहे, हे विद्यापीठाचे म्हणणे खरे. पण आपल्या मुलांना दीन शिकवणारा शिक्षक कुणाच्या हाताखाली तयार व्हावा हे सांगण्याचा हक्क आईबापांना आहे, हेही तितकेच खरे. कालिश यांनी पुढे इस्लाम सोडला. त्यांच्यानंतर आलेल्या मुहन्नद खोर्शिदे यांच्याशीही वाद झाला. त्यांनी इस्लामची मांडणी प्रामुख्याने रहमतीच्या अंगाने केली आणि २०१३ मध्ये संघटनांनी त्यावर लांबलचक टीका प्रसिद्ध केली. खोर्शिदे मात्र पदावर राहिले, आजही शिकवतात. हे दोन वाद एका मापाने मोजू नयेत असे आमचे मत आहे. दुसऱ्या प्रकारचे मतभेद आपल्या उलमांमध्ये शतकानुशतके चालत आले आहेत.

पदवी हातात, मुसल्ला कुठे?

पहिल्या तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. विद्यापीठ इल्म देते, इमाम घडवत नाही. मय्यतीला गुसल कसे द्यायचे, नवरा-बायकोचे भांडण घेऊन आलेल्या जोडप्याला कुठे बसवायचे, तुरुंगातल्या कैद्याशी काय बोलायचे, वीस मिनिटांचा खुतबा म्हाताऱ्यांना आणि शाळकरी मुलांना एकाच वेळी कसा पोहोचवायचा, याची परीक्षा कुठल्याच विद्यापीठात होत नाही. कॅथलिक पाद्रीही पदवीनंतर वेगळ्या प्रशिक्षणगृहात जातो. मुसलमानांसाठी तसे काही नव्हतेच.

शिवाय पगार. जर्मनीत चर्चसाठी आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च-कर सरकारच गोळा करून देते. मशिदी म्हणजे नोंदणीकृत मंडळे. त्यांचे उत्पन्न सभासदांची मासिक वर्गणी आणि रमजानमधला चंदा. त्यातून पदवीधराच्या घरखर्चापुरता पगार निघणे कठीण. दुसरीकडे सरकारी शाळांत इस्लामचा तास सुरू झाला होता; नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या मोठ्या राज्यात तो २०१२ पासून नियमित विषय झाला. तिथे शिक्षकाला सरकारी पगार, निवृत्तिवेतन, उन्हाळ्याची सुट्टी. पाच वर्षे शिकलेला मुलगा कुठे जाईल? मशिदीत की शाळेत? आपल्या घरातल्या हाफिज मुलाचे लग्न ठरवताना मुलीकडचे काय विचारतात ते आठवा, उत्तर मिळेल.

नेदरलँड्समध्ये तर याहून वाईट झाले. तिथे सरकारने पैसा देऊन इमामांसाठी अभ्यासक्रम उघडले आणि ते काही वर्षांतच बंद पडले. मशिदींशी सल्लामसलत झाली होती, पण तिथून निघालेल्या पदवीधरांना मशिदींनी बोलावले नाही. ज्या विहिरीचे पाणी गावाला प्यायचे नाही, ती खणून उपयोग काय?

जर्मनीत या अनुभवातून ओस्नाब्रुक शहरात ‘इस्लामकोलेग’ निघाले. २०१९ मध्ये ती संस्था स्थापन झाली आणि जून २०२१ मध्ये वर्ग सुरू झाले. इस्लामी धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचा, जर्मन भाषेतला, हाताने काम करून शिकण्याचा अभ्यासक्रम. त्यात तजवीदसह किराअत, खुतबा, इबादतीचे प्रत्यक्ष शिक्षण, रुग्ण आणि कैद्यांना धीर देण्याची विद्या, मुलांना शिकवण्याची पद्धत, सामाजिक काम आणि नागरिकशास्त्रसुद्धा. या संस्थेमागे उभ्या राहिलेल्यांत माजी राष्ट्राध्यक्ष क्रिस्तियान वुल्फ आहेत. इस्लाम आता जर्मनीचाही भाग आहे, असे २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून बोलून ज्यांनी देशभर खळबळ उडवली होती, तेच हे. पहिली तुकडी २०२३ मध्ये बाहेर पडली.

पैसा प्रामुख्याने केंद्र सरकारच्या गृहखात्याचा आणि राज्य सरकारचा. इथेच गोम आहे. बोस्नियन मुसलमानांची संघटना आणि आणखी काही संघटना सामील झाल्या. डितिबसारख्या मोठ्या तुर्की संघटना बाहेर राहिल्या. त्यांचे म्हणणे असे की इमाम घडवणे हे जमातीचे काम आहे, सरकारी पैशाने घडलेला इमाम सरकारचा होईल. हे ऐकून टीकाकार हसले. तुमचे इमाम तर दुसऱ्याच सरकारचा पगार घेतात! टीका बिनतोड आहे, तरी मूळ शंका त्यामुळे खोटी ठरत नाही. गृहखात्याला इमामात रस का आहे? दीन फुलावा म्हणून, की पोलिसांची चिंता कमी व्हावी म्हणून? आरोग्यखात्याने किंवा शिक्षणखात्याने हाच पैसा दिला असता तर तरुणांना तो वेगळा वाटला असता, असे आम्हाला वाटते.

डितिबनेही मग स्वस्थ न बसता जानेवारी २०२० मध्ये आयफेल भागातल्या डालेम या गावी स्वतःचे दोन वर्षांचे प्रशिक्षण सुरू केले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन गृहखाते, दियानेत आणि डितिब यांच्यात समझोता झाला. दरवर्षी १०० इमाम जर्मनीतच तयार करायचे आणि तुर्कस्तानातून इमाम पाठवणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे.

साराजेव्होचा जुना धडा

हे सगळे युरोपात पहिल्यांदाच घडते आहे अशा थाटात लिहिले जाते. तसे नाही. १८७८ मध्ये बोस्निया उस्मानी राज्याकडून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला आणि तिथले मुसलमान रातोरात एका ख्रिस्ती साम्राज्यातले अल्पसंख्य झाले. नव्या राज्यकर्त्यांना इस्तंबूलच्या शेखुल-इस्लामशी त्यांचा धागा नको होता. म्हणून १८८२ मध्ये बादशहाने साराजेव्होत स्वतःच ‘रईसुल-उलमा’ नेमला. १८८७ मध्ये शरीअतचे काझी तयार करण्यासाठी शाळा काढली. तिथे फिकहसोबत युरोपीय कायदाही शिकवत. आज बर्लिन जे अंकाराबाबत करते आहे, तेच तेव्हा व्हिएन्ना इस्तंबूलबाबत करत होती.

फरक पडला तो लोकांमुळे. बोस्नियाच्या मुसलमानांनी शाळा नाकारली नाही, पण आपले वक्फ, आपले मदरसे आणि आपले उलमा यांचा कारभार आपल्या हाती हवा यासाठी दहा वर्षे अर्ज, सभा, शिष्टमंडळे असा झगडा दिला. १९०९ मध्ये त्यांना स्वायत्ततेचा कायदा मिळाला. ऑस्ट्रियाने १९१२ मध्ये हनफी मुसलमानांना कायद्याने मान्यता दिली, ती या बोस्नियन प्रजेमुळेच. (याच कायद्याची २०१५ मध्ये नवी आवृत्ती आली आणि तिने परदेशी पगारावरचे इमाम बंद केले.)

साराजेव्होत गाझी हुसरेव बेग यांचा मदरसा आहे, स्थापना १५३७. वक्फनाम्यात त्यांनी कुरआन, हदीस, फिकह यांच्यापुढे लिहून ठेवले की रिवाज आणि ठिकाण यांना अनुसरून जे आणखी लागेल तेही शिकवावे. बांधकामातून उरलेल्या पैशाची पुस्तके घ्यावीत, असेही त्यात आहे. त्यातूनच प्रसिद्ध ग्रंथालय उभे राहिले. या मदरशाने उस्मानी पाहिले, ऑस्ट्रियन पाहिले, मग टिटोचे साम्यवादी सरकार पाहिले. साम्यवाद्यांनी १९४६ मध्ये शरीअत न्यायालये आणि १९५२ मध्ये मक्तब बंद केले. बोस्नियात हा एकच मदरसा चालू राहिला. उच्च शिक्षणासाठी मुले काहिरा-बगदादला जात. अखेर १९७७ मध्ये, साम्यवादी राज्य असतानाच, साराजेव्होत इस्लामी धर्मशास्त्राची फॅकल्टी उघडली. सरकारच्या पैशाने नव्हे. जमातीने सभासद-वर्गणी, जकात आणि फित्रा एका बैतुलमालमध्ये जमा करून. बोस्नियन मशिदीत इमाम मध्यवर्ती संस्थेच्या लेखी आदेशाने नेमला जातो, खुतबा बोस्नियन भाषेत होतो. जर्मनीतल्या बोस्नियन मशिदींना मुलांची भाषा जर्मन झाल्याची अडचण आहेच, पण ‘आमचा इमाम कुणाचा’ हा प्रश्न फारसा पडत नाही.

ब्रिटनचा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. तिथे सरकारची वाट न पाहता गुजराती आणि इतर भारतीय-पाकिस्तानी मुसलमानांनी स्वतःच्या चंद्यातून दारुल उलूम काढले. मौलाना युसुफ मोताला यांनी १९७०च्या दशकात बरी या गावाजवळ उघडलेले दारुल उलूम त्यातले पहिले. अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा, म्हणजे आपल्याकडचाच दर्से निजामी. इमाम ब्रिटनमध्ये जन्मलेले, इंग्रजी बोलणारे, कुणाही सरकारचे मिंधे नसलेले. उणीव दुसरीच होती. सहा-सात वर्षे बंद आवारात शिकलेल्या मुलाला बाहेरच्या जगाशी बोलायची सवय नाही. ती भरून काढायला शेख अब्दुल हकीम मुराद यांनी २००९ मध्ये केंब्रिज मुस्लिम कॉलेज काढले. दारुल उलूमच्या फारिगांसाठी एका वर्षाचा अभ्यासक्रम हे त्याचे पहिले काम. दर्से निजामी मोडायचा नाही, त्याच्या शेवटाला एक दार बसवायचे. आम्हाला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो.

आणि सगळ्यात आधी हे ज्यांनी केले त्यांच्याकडे ना सरकार होते, ना चंदा. १७८० मध्ये डचांनी तिदोर बेटाच्या इमाम अब्दुल्लाह यांना कैदी म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला आणून रॉबेन बेटावर टाकले. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. त्यांनी तुरुंगात कुरआन आठवणीतून लिहून काढले आणि सुटल्यावर १७९३ मध्ये डॉर्प स्ट्रीटवर मदरसा उघडला. गुलामांची मुले तिथे शिकली आणि पुढे त्यांच्यातूनच इमाम निघाले. त्या मदरशांत अरबी लिपीतून मुलांच्या तोंडची बोली, आजची आफ्रिकान्स, लिहिली जाऊ लागली. अक्षर कुरआनचे आणि शब्द घरातले. नंतर रत्नागिरी आणि कुलाब्याकडचे आपले कोकणी मुसलमान त्या शहरात जाऊन स्थायिक झाले, तेव्हा त्यांना तयार मशिदी मिळाल्या, तयार इमाम मिळाले. त्यांच्या नातवंडांनी दीन शिकला तो इंग्रजी आणि आफ्रिकान्समधून. कोकणी उरली ती आजीच्या स्वयंपाकघरात.

ओस्नाब्रुकच्या वर्गात जे विद्यार्थी बसतात त्यांतले अनेक जण आधीपासूनच कुठल्या ना कुठल्या मशिदीत काम करणारे आहेत. कुणी मक्तब घेतो, कुणी जर्मनमध्ये खुतबा देतो. पोटासाठी दिवसा दुसरी नोकरी आणि मशीद संध्याकाळी, शनिवारी, रविवारी. जर्मन मशिदींच्या सभांत सध्या चर्चा चालू आहे ती वर्गणीची. महिन्याला किती वाढवली तर एका माणसाला पूर्णवेळ ठेवता येईल? अंकाराहून येणारा पगार थांबेल तेव्हा हा आकडा प्रत्येक जमातीला स्वतःच मांडावा लागणार आहे.